बोरीची मूठ

सोलापुरात सुरीच्या रंगीत मुठी कराव्यात तर आपणच, असं मी अक्कलकोट रोडला चहाच्या टपरीवर चार माणसांत सांगत हुतो. खरं म्हंजे मुठी करायचा शिवाप्पाअण्णा, मी नुसती धूळ पुसायचो, अन् तीबी अण्णा नंतर परत पुसायचा. तेवढ्यात फोन वाजला. अण्णाची शेजारीण हुती. अण्णा गेले, या, एवढंच बोलली. मी कप ठेवला, सायकल काढली अन् सुटलो... अर्ध्या वाटंत कळलं, सायकल दुसऱ्याचीच हाय.

मी शाळंत गेलो न्हाय. मी बोलतोय अन् माझी पुतणी लिहून घेतीया. मधीच म्हणती, काका, जरा दुःखाचं सांगा की. आता सांगतो.

अण्णा आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मागाचा फिटर. काम सुटल्यावर घरामागं पत्र्याची शेड घातली अन् ह्यो नाद धरला. बाभळीच्या गाठी, दाणे काढलेली मक्याची कणसं, असलं चुलीत घालायचं सामान गोळा करून पत्र्यावर महिनो न् महिने वाळवायचा. मग ते साच्यात मांडून वरनं रंग घातलेलं रेझिन, डिंकागत घट्ट होणारं रसायन, वतायचा. दुसऱ्या दिवशी ठोकळा कापला की आत कणसाची चांदणी अन् भवतीनं निळं पाणी गोठल्यागत. सुऱ्या करणारी माणसं लांबलांबनं मागवायची. मला वतायला दिलं की अण्णा मागं उभा राहून "साकू, साकू" करायचा, म्हंजे बास कर. अक्कलकोटकडचा माणूस, घाबरला की कानडीत जायचा. माझ्यापायी निम्मा दिवस तो कानडीतच असायचा.

जगाला मुठी पुरवल्या, पण घरात त्याच्या बायकोच्या, आमच्या वैनींच्या, सुरीला मूठ न्हाय, चिंधी गुंडाळलेली. वैनींचं माहेर नातेपुत्याचं. दारात बोर हुती, घर नवं बांधताना पाडली. भावानं बुंध्याचा तुकडा पाठवला तवा वैनी अण्णाला म्हणाल्या, ह्याची मूठ करा, रंग माझ्या चुड्याचा घाला. त्या बाईनं दुसरं कायबी मागितलेलं मला ठावं न्हाय. अण्णानं तुकड्याचे दोन भाग केले अन् दोन उन्हाळे वाळवले.

वतायचं त्या सकाळी अण्णा हिरवा रंग आणायला गेला. मी बघतो तर लाकडावर कबुतरानं घाण केलेली. म्हटलं, वैनींच्या माहेरचं लाकूड, असं कसं चालंल? एक भाग नळाखाली धरला, साबण लावून घासला, टॉवेलनं खडखडीत पुसला. टॉवेलात जिंदगी गेलीया, पुसण्यात आपण कमी पडत न्हाय. लाकडात पाणी असलं की रेझिन फेस धरतं, हे अण्णानं मला शंभरदा सांगितलेलं. धुताना एकदाबी आठवलं न्हाय.

अण्णानं येऊन वतलं. दुसऱ्या दिवशी कापलं तर आत अनारशागत जाळी. मी कानडीची वाट बघत उभा. ती आलीच न्हाय... अण्णानं हळूच विचारलं, "धुतलंस व्हय रं?"

मी मान हलवली.

"लाकूड हाय त्ये. पोर न्हाय आंघोळ घालायला."

तेवढ्यात वैनी चहा घिऊन आल्या. त्यांनी ठोकळा बघितला. अण्णा लगेच म्हणाला, माझाच हात चुकला. वैनी कप ठेवून गेल्या अन् आठ दिवस त्याच्याशी बोलल्या न्हाईत. मी तितंच हुतो. एरवी माझं तोंड बंद होत न्हाय, त्या दिवशी उघडलं न्हाय. उरलेला भाग अण्णानं परत पत्र्यावर ठेवला, म्हणाला, एवढा उन्हाळा जाऊ दे. उन्हाळा गेला. त्याच्या मागनं अण्णा गेला, शेडच्या दारात, खुर्चीत बसल्या बसल्या.

महिन्यानं वैनींना विचारून शेड उघडली. पावसाआधी अण्णानं आत घेतलेला तुकडा काढला, फडक्यानं नुसता झटकला. कबुतराचं जे हुतं ते खरवडलं. वतताना धार जास्त सुटली तशी मीच मोठ्यानं साकू साकू म्हणालो, अन् मागं वळून बघितलं... मूठ झाली. दोन बुडबुडे राहिले, ते माझे.

चिंधी सोडून मूठ बसवली अन् सुरी वैनींच्या हातात दिली. मनगटं मोकळी हुती, मुठीचा हिरवा तेवढा हातात दिसला. बोरीच्या रेघांवरनं त्या अंगठा फिरवत राहिल्या. मग मी सगळं सांगून टाकलं, लाकूड मी धुतलं, अण्णानं माझ्यासाठी अंगावर घेतलं, तुमी उगं त्याच्यावर रुसलात.

वैनींनी वर बघितलंच न्हाय.

"भावजी, त्या माणसानं चाळीस वरसांत जेवलेलं ताट कवा धुतलं न्हाय. लाकूड धुतलं असंल व्हय? मला त्याच दिवशी कळलं हुतं. माझ्याशी ते खोटं बोलले, म्हणून मी रुसले."

मग पाटीतला एक कांदा घेतला, चिरला, सुरी उलटीसुलटी करून बघितली अन् माझ्यापुढं ठेवली.

"मूठ तिरकी बसलीया. काढा अन् नीट बसवा. अन् धुऊ नका."