स्पीकरला दिलेली चीर

हिंगोलीत लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान मी शून्यातून उभं केलं. लग्नांत इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा एक जण तिथं रोज यायचा. त्याच्याकडं एका नामांकित अमेरिकी ब्लूज गिटारवाल्याची कॅसेट होती आणि त्याला तसाच घोगरा, भरून आलेला आवाज काढायचा होता. मी एकाहून एक स्वच्छ स्पीकर जोडून द्यायचो. तो मान तिरपी करून ऐकायचा. "आवाज आला शेठ, गळा न्हाई आला."

एकदा मी चहा पिऊन परतलो, तर यानं माझ्या चांगल्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडनं चिरलेला.

"काहून फाडून राहिला रे?" मी ओरडलो.

"आधी ऐका तर." त्यानं तार छेडली. कॅसेटमधला गळा बराबर माझ्या दुकानात उमटला.

"आता नवा पडदा बसवून देतो," तो म्हणाला.

न विचारता ब्लेड लावल्याचा राग मी आजही सोडलेला नाही. पण तेव्हा त्यानं तो पडदा बदलू नये म्हणून स्पीकर त्याच्यापुढून ओढला.

"हात तर लावून बघ! हा आवाज पायजे तर माझ्याच स्पीकरवर वाजवायचं, दुसऱ्या दुकानात न्हाई."

"व्हय शेठ," तो म्हणाला आणि शेजारच्या नव्या स्पीकरकडं बघू लागला.