घणघण

आमच्या गावात घंटेसाठी शब्द मोजकेच. देवळात ती वाजते, शाळेत तिचे टोल पडतात, आणि मोर्चेवाले कोल्हापुरात कलेक्टर कचेरीसमोर करतात तो घंटानाद. घणघण मात्र निराळी. नदीचं पाणी गावात शिरलं की देवळातली घंटा न थांबता बडवायची, ती घणघण. ती झाली की दावी सोडायची आणि जनावरं घेऊन माळावर जायचं. त्याआधी नाही. कुणाच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही.

देऊळ आमच्या दारासमोरच. लॉकडाऊनमध्ये घंटेला कुणी हात लावू नये म्हणून ती बांधायची ठरली. बांधली मी. माझ्याच जुन्या साडीचा पट्टा, तीन गाठी. पुढे देऊळ उघडलं, तरी गाठी तशाच. येता-जाता दिसायच्या. उद्या सोडू, उद्या सोडू म्हणत मी वर्ष घालवलं. आळस, दुसरं काही नाही.

पुढच्या पावसाळ्यात नदी तीन दिवस फुगत होती. नवरा कामासाठी गडहिंग्लजला, रस्ते बंद. घरात मी आणि सासूबाई, गोठ्यात दोन म्हशी, त्यातली एक गाभण. दुपारी गोठ्यात गुडघाभर पाणी आलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या सोप्यात बसून देवळाकडं कान लावून होत्या.

"आत्या, चला आता. फोनवर बी आलंय, गाव सोडा म्हणून."

"घणघण झाली का?"

"न्हाय."

"मग गप बस. सगळी गल्ली बसलीया न्हवं."

खरंच कुणी हललं नव्हतं. दारादारांत माणसं पाण्याकडं बघत उभी होती आणि कान घंटेकडं. घंटा बडवायचे ते देवळाचे गुरव उचगावला लेकीकडं अडकलेले, आणि घंटा माझ्या हातानं मुकी केलेली.

मांडीभर पाण्यातून देवळात गेले. गाठी आवळून दगड झाल्या होत्या. नखं मोडली, दात लावले, सुटेनात. घरी येऊन विळा नेला. पट्टा कापला आणि हात भरून येईस्तोवर घंटा बडवली. गल्ली हलली.

परतले तर एक म्हैस दारात मोकळी उभी होती. गाभणीचं दावं भिजून फुगलेलं, ते आत्यांच्या हातानं सुटेना, आणि विळा माझ्याजवळ. हिसडे मारता मारता ती घसरली होती, दाव्यात अडकून पडली होती. नाक पाण्याखाली होतं. मी दावं कापलं, पण उपयोग नव्हता.

घंटा कुणी बांधली होती ते मी आत्यांना कधी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. आता मिरगाचा पाऊस लागायच्या आधी मात्र त्या रोज सकाळी, माझ्याकडं न बघता, एवढंच म्हणतात, "जा, घंटा मोकळी हाय का बघून ये."

मी जाऊन बघून येते.