वेल्डिंगनंतरचा अर्धा तास

करी रोडला एका चाळीच्या तळमजल्यावर वेल्डिंग करणारे एक काका होते. त्यांचं नाव मी विचारलं नाही, कारण मी त्यांना अक्कल शिकवण्यात गुंतलो होतो.

माझ्या मोटारसायकलची फ्रेम तडकली होती. काकांनी आधी बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी काढून गल्लीपलीकडे नेऊन ठेवली आणि मला म्हणाले, "बॅगपण बाहेर ठेवा." चोरीला जाईल म्हणून मी ती गुपचूप बाकड्याखाली सरकवली.

दहा मिनिटांत फ्रेम जोडून झाली. मग काकांनी तोंडावरची काच वर केली, वाळूची बादली जवळ ओढली आणि स्टुलावर बसून राहिले. चहा नाही, मोबाइल नाही. नजर तेवढी कोपऱ्याकोपऱ्यातून फिरत होती.

"काका, काम झालं ना? का आता आरती करायचीय?"

"माझं झालं. ठिणगीचं झालं की नाय ते बघतोय. अर्धा तास लागतो. वर तीन मजले माणसं ऱ्हातात."

मी उसासे टाकत घड्याळ बघत राहिलो. विसाव्या मिनिटाला काका उठले, बाकड्याखाली वाकले आणि माझ्या बॅगेवर शांतपणे बादली उपडी केली. मी हात पुसून बॅगेत अर्धवट कोंबलेलं तेलकट फडकं धुमसत होतं. मला धूरही दिसला नव्हता.

आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली. काकांनी बादली पुन्हा भरली. स्टुलावर बसत त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"चला, पहिल्यापासून अर्धा तास."

वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ रडून गप्प झालं. मी दुसरं स्टूल ओढलं आणि काकांच्या शेजारी ठिणगी शोधत जमीन न्याहाळत बसलो.