उभा मॉनिटर

एटापल्लीत आमच्या शाळेसमोर एक जण ऑनलाइन अर्ज भरून देतो. त्याचा मॉनिटर उभा, सागाच्या दोन फळ्यांमध्ये बसवलेला, आणि तोंड गिऱ्हाइकाकडे. तो स्वतः बाजूला बसून मान वाकडी करून टाइप करतो.

"यावर सिनेमा कसा पाहता हो?" मी एकदा विचारलं.

"सिनेमा नाई सर, कागद पाहतो. कागद उभा असते. आडव्या पडद्यावर अर्धाच दिसते. अर्ध्या कागदावर अंगठा काऊन घ्यायचा?"

परवा एक म्हातारी वनहक्काचा अर्ज घेऊन आली. वरच्या फोटोपासून खालच्या अंगठ्याच्या जागेपर्यंत एकेक ओळ तो तिला माडियात सांगत होता. मागे उभा मी घड्याळ बघत होतो. तिने मध्येच पडद्यावर बोट ठेवलं. तिची मोहाची झाडं लिहायची राहिली होती. त्याने ती घातली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं!

माझा नंबर लागला. बदलीचा अर्ज होता. "सही कुठे करू?" मी घाईने विचारलं.

त्याने पडदा माझ्याकडे सरकवला. "थांबा सर. बाईनं सारं ऐकून घेतलं. तुमाले तं वाचता येते."