शेंदराच्या दगडाचा पूल

आमच्या भागातले पूल बघायला हल्ली शहरातली माणसं येतात. त्यांना मी वारूळवाडीकडून संध्याकाळी दिसणारा मीना नदीवरचा पूल सांगतो, उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा जुना पूलही सांगतो. पारगावच्या अलीकडचा, घोड नदीवरचा आमचा पूल मात्र आपणहून सांगत नाही. खरं तर तिन्हींत तोच देखणा. ठेंगण्या दगडी कमानी, कठडा नाही, आणि मधल्या खांबात शेंदूर फासलेला एक दगड.

त्या दगडाला पाणी लागलं की पूल बंद, एरवी चालू, हा आजोबांच्या काळापासूनचा नियम. माझं रान पुलाला लागून, म्हणून येणारा-जाणारा मलाच विचारी.

नव्वदनंतरच्या एका भादव्यात ओळखीचा धनगर कळप घेऊन आला. दर वर्षी त्याच्या मेंढ्या खतासाठी माझ्या रानात बसायच्या. त्या दिवशी कडक ऊन होतं.

"भाऊ, पाणी काय म्हणतंय?"

"शेंदूर कोरडा हाय. जा निवांत. का मेंढरं नावेत बसवून नेतो?"

"तुमी नावाडी व्हत असाल तर बसवतो की," म्हणत तो हसला आणि कळपाच्या पुढं पुलावर चढला.

नियम पावसाच्या पाण्याचा होता. आता वर धरण होतं, आणि त्याची दारं उघडली की पाणी ऊन-पाऊस बघत नाही, हे आमच्या कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. कळप मध्यावर असताना गढूळ लोंढा आला. शेंदूर बुडाला. तो हाका मारत होता, मी काठावरून ओरडत होतो. पण अरुंद पुलावर मेंढरं वळत नाहीत. एक बिचकून पाण्यात गेली आणि मेंढराच्या जातीप्रमाणं मागच्या तिच्यामागं गेल्या. तो हाताला लागेल तिचा पाय धरून ओढत होता. मी काठावरच उभा होतो.

नंतर पारावर बोललं गेलं, "धनगराला लई घाई व्हती राव. कुणाला इचारलंबी न्हाई."

मी तिथंच बसलो होतो. तेव्हा बोललो नाही, म्हणून आता लिहितो. त्यानं विचारलं होतं.

पुढच्या भादव्यात तो उरलेली मेंढरं घेऊन आला. नदीत घोटाभर पाणी. तो पुलापाशी थांबला आणि नेहमीसारखंच म्हणाला, "भाऊ, पाणी काय म्हणतंय?"

शेंदूर कोरडा होता. मी वर, धरणाच्या दिशेला बघत राहिलो. तोही थांबून राहिला, आणि मेंढरं त्याच्यामागं उभी राहिली.