चार बोटांचे फराटे

नोकरीतले बहुतेक गुन्हे आता मला कलमांच्या आकड्यांनीच लक्षात आहेत. एक प्रकरण मात्र वासाने लक्षात राहिले. मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, तेलाचा वास कुठे आला की ते सारे सात दिवस ओळीने समोर उभे राहतात.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षे झाली होती. रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. मी म्हसळ्याच्या बाजूच्या एका ठाण्यावर फौजदार होतो. हाताखाली एक हवालदार, सात शिपाई आणि एक सायकल. गुन्हे किरकोळ असत. जाळी फाडणे, बांध कोरणे, ताडीवरून मारामारी.

आमच्या हद्दीतल्या एका कोळीवाड्यात एक म्हातारा तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. त्याने आपला मचवा विकून लष्कराने लिलावात काढलेला एक जुना ट्रक घेतला. मुलगा पंचविशीचा, चार बुके शिकलेला. त्याने मोटार चालवण्याचा परवाना काढला. मासळी माणगावच्या बाजारात स्वतः न्यायची, मधल्या व्यापाऱ्याच्या हातात द्यायची नाही, असा बेत होता. गावाने ट्रकची थट्टा केली. बाया म्हणत, यापेक्षा आमच्या होडीला चाके लावा, ती आधी पोचेल.

ट्रक रस्त्यावर आणायचा तर तपासणीतून पास व्हावा लागे. तपासणी अधिकारी महिन्यातून एकदा माणगावला येत. हा गृहस्थ कडक म्हणून सगळीकडे माहीत होता. नंबराच्या पाटीवरची अक्षरे तो फूटपट्टी लावून मोजी. खिशातल्या लहान हातोडीने एकेक बोल्ट ठोकून आवाज ऐके. नऊनंतर आलेली गाडी पाहत नसे. पहिल्या खेपेला त्याने ट्रकभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मुलाला विचारले, "लढाईत ही कोणत्या बाजूने होती?" मग नापास केली. दुसऱ्या महिन्यात पुन्हा नापास केली आणि अकरा दोषांची यादी हातात दिली. तिसऱ्या खेपेला नापास झाली तर कागद रद्द होतील, हेही सांगितले.

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हते. मुलाने यादी वाचून दाखवली, तेव्हा त्याने ओटीच्या भिंतीवर कोळशाने अकरा रेघा ओढल्या. एक दोष दुरुस्त झाला की एका रेघेवर फुली. दुरुस्तीसाठी महाडकडचा एक मिस्त्री आणला होता. लढाईच्या काळात तो लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. याच जातीचे ट्रक त्याने शेकड्यांनी उघडले होते.

तपासणीच्या दिवशी सकाळी मुलगा एकटा ट्रक घेऊन निघाला. माणगावच्या वाटेवर घाट लागतो. उतरणीच्या दुसऱ्या वळणावर ट्रक वळला नाही. सरळ कठडा तोडून खाली ओढ्यात गेला. मी पोचलो तेव्हा मुलगा मरण पावला होता. रस्त्यावर चाके घासल्याची एकही खूण नव्हती. म्हणजे ब्रेक दाबला नव्हता, किंवा लागला नव्हता.

बातमी ऐकून मिस्त्री पहिल्या एस.टी.ने तिथे आला. पंचांसमोर एस.टी. डेपोतल्या फिटरने चाके उतरवली. चारही चाकांत ब्रेकच्या नव्या पट्ट्या होत्या आणि त्या तेलाने भिजलेल्या होत्या. ब्रेकच्या पट्टीला तेलाचा थेंबही चालत नाही. फिटरचे मत असे पडले की सपाट रस्त्यावर ब्रेक थोडाफार धरला असेल. उतारावर पट्ट्या तापल्या, तेल पसरले, आणि ब्रेक संपला. पट्ट्यांमागच्या न फिरणाऱ्या पत्र्यावर तेलाचे चार समांतर फराटे होते, बोटांनी ओढल्यासारखे. पंचनाम्यात मी लिहिले: "मासळीचा वास असलेले तेल, चार बोटांचे फराटे." कोळीवाड्यातल्या ट्रकला मासळीचा वास येणारच, असे समजून मी त्या शब्दांवर थांबलो नाही.

मिस्त्रीने पट्ट्यांवर बसणाऱ्या लोखंडी ड्रमला बोट लावले, नाकाशी नेले आणि तो रस्त्याच्या कडेला खाली बसला. मी हे पाहिले. थोड्या वेळाने उठून तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "साहेब, हे ड्रम धुवून टाकू द्या." मी नाही म्हटले. ते वाक्य मी केस डायरीत शब्दशः लिहिले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात खबर आली. देणारा म्हसळ्यातल्या चहाच्या दुकानात रोज बसणारा माणूस होता. त्याने सांगितले की अपघाताच्या आदल्या दिवशी दुपारी मिस्त्री आणि मुलगा दुकानात भांडत होते. मिस्त्रीने सर्वांसमोर म्हटले, या गाडीत बसून घाटात गेलास तर परत येणार नाहीस. एवढे बोलून तो संध्याकाळच्या गाडीने निघून गेला. दुकानदाराने दुजोरा दिला.

शेवटचा हात त्याचा, भांडण त्याचे, धमकी त्याची, आणि पुरावा धुण्याची विनंतीही त्याचीच. मी त्याला अटक केली. कलम खुनाचे. दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करून चार दिवसांची कोठडी घेतली. कोळीवाड्यातले लोक ठाण्यासमोर येऊन बसत. ते ओरडत नसत. नुसते बसून राहत. त्या कलमाला फाशी आहे, हे त्यांना माहीत होते आणि मिस्त्रीलाही.

चौकशीत तो अडखळला नाही. पट्ट्या कशा बसवल्या, रिबिटी किती मारल्या, ड्रम नुसते अडकवून ठेवले होते आणि चाके मुलगा चढवणार होता, हे त्याने क्रमाने सांगितले. भांडणाचेही सांगितले. मी येईपर्यंत घाटात घालू नकोस, आधी सपाटीवर दहा वेळा ब्रेक मारून बघू, असे त्याचे म्हणणे होते. मुलगा म्हणत होता, तुमची एस.टी. येईपर्यंत नऊ वाजून जातील. हे ऐकणारा साक्षीदार मला मिळाला नाही. चहाच्या दुकानात लोक शेवटचे वाक्य तेवढे ऐकतात.

दोन प्रश्नांना मात्र तो गप्प बसे. तेल कुणी लावले? तुझा संशय कुणावर? पहिल्या प्रश्नाला मान खाली, दुसऱ्याला भिंतीकडे नजर. मी आवाज चढवला, उतरवला, जेवण देऊन विचारले, उपाशी ठेवूनही विचारले. ते आज लिहिताना बरे वाटत नाही, पण तसे केले. एकदाच तो म्हणाला, "तुम्ही मला विचारा, साहेब. माझ्याबद्दल विचारा." मी याचा अर्थ कबुलीच्या जवळ आला असा लावला.

माझा हवालदार किनाऱ्यावरचाच होता, वयाने मोठा. तिसऱ्या दिवशी डायरी लिहीत असताना तो म्हणाला, "साहेब, एक बोलू? दुश्मन असता तर एक चाक धरलं असतं. फार तर दोन. हे चारही चाकांना सारखं लावलंय. असं सारखं कोण लावतं?"

मी म्हटले, नीटनेटका माणूस. मिस्त्री नीटनेटका आहेच.

"मिस्त्रीकडं मुशीचं तेल कुठलं?" तो म्हणाला. "त्याच्याकडं ग्रीस असतं."

चौथ्या दिवशी म्हाताऱ्याचा पुरवणी जबाब घ्यायचा म्हणून आम्ही दोघे कोळीवाड्यात गेलो. श्रावण होता. होड्या अजून वर ओढलेल्या होत्या आणि दर्यावर जाण्याआधी त्यांना तेल देण्याचे काम चालू होते. डब्यात मुशीच्या कलेजीचे काळपट तेल. एक माणूस त्यात तळवा बुडवून होडीच्या अंगावर ओढत होता. ब्रश नव्हता. हात जिथून गेला तिथे फळीवर चार फराटे उमटत होते आणि मग हळूहळू एकमेकांत मिसळत होते.

मी थांबलो. हवालदारही थांबला. मी त्या माणसाला विचारले, कुठे कुठे लावता?

"सगळीकडं. आत, बाहेर. सांध्यात जास्ती," तो म्हणाला. "कोरडं राहिलं का दर्या खातो त्याला."

तिथून म्हाताऱ्याचे घर शंभर पावलांवर होते. 

म्हातारा ओटीवर बसला होता. सुतकातले घर. मागे भिंतीवर त्या अकरा रेघा होत्या. दहांवर कोळशाची फुली. अकराव्या रेघेवर फुली नव्हती. ती कुणीतरी तेलकट अंगठ्याने पुसून टाकली होती आणि तेल चुन्यात उतरून त्याचा तपकिरी डाग झाला होता.

मी हवालदाराला कागद काढायला सांगितले आणि विचारले, अकरावी रेघ कशाची?

"गंजाची," म्हातारा म्हणाला. "चाकाच्या आतल्या पत्र्याला गंज हाय, असं त्या सायबानं लिवलं व्हतं. मिस्त्री म्हनला, राहू दे, सकाळी घासू. मग पोरगा नि तो म्हसल्याला गेलं. मी म्हटलं, पोरगं किती करल? गंजाला तेलावानी दुसरं काय न्हाय. मी ड्रम काढलं नि तेल लावलं. चारी चाकांना."

मी विचारले, पत्र्यालाच लावलेत?

"पट्ट्यांना बी. नव्या व्हत्या, कोरड्या ठाक. त्यांना बी हात फिरवला." त्याने उजवा तळवा माझ्यासमोर धरला आणि कसा फिरवला ते हवेत दाखवले. "मचव्याला चालीस वर्सं लावलं, सायब. कधी दगा न्हाय दिला."

मुलाला सांगितले होते का, असे मी विचारले. नव्हते सांगितले. सकाळी अकरावी रेघ पुसलेली बघेल तेव्हा खूश होईल, असे त्याला वाटले होते. मुलगा काळोखात उठून निघून गेला.

जबाब लिहून झाला की तो देणाऱ्याला वाचून दाखवावा लागतो. मी सावकाश वाचला. पट्ट्यांचे वाक्य आले तेव्हा हवालदार अंगणाकडे बघत होता. म्हाताऱ्याने बरोबर आहे म्हणून अंगठा केला. मग शाई धोतराला पुसत तो म्हणाला, "सायब, तेल कमी पडलं व्हतं काय?"

पोलिसाला उत्तर देण्याची सवय नसते. प्रश्न विचारण्याची असते. मी म्हटले, "नाही. तेल कमी पडलं नव्हतं."

ते खरे होते. त्यापुढचे त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

त्याच संध्याकाळी मी मिस्त्रीला कोठडीतून बाहेर काढले, समोर बसवले आणि म्हटले, तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

तो म्हणाला, "वास आला तेव्हाच कळलं. दोन दिवस आधी म्हातारा बॉनेटला तेच तेल चोळत होता. मी हसलो होतो. ब्रेकला लावू नको हे सांगायचं राहिलं. सांगायला हवं होतं."

तुझ्यावर खुनाचे कलम होते, मी म्हटले.

"मला वाटलं, तुम्ही चार दिवसांत कंटाळाल," तो म्हणाला. "एक तर त्याचा पोरगा गेला. त्यात हे कुणी त्याला जाऊन सांगावं? मी नाही सांगणार, असं ठरवलं होतं."

दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाने त्याची सुटका झाली. ठाण्यासमोर बसणाऱ्यांना मी एवढेच सांगितले की ब्रेक नादुरुस्त झाला, यात कुणाचा गुन्हा नाही. तपासणी अधिकाऱ्याचा जबाब आधीच झाला होता. त्याची यादी अकराही कलमांत बरोबर होती. हयगयीचा गुन्हा म्हाताऱ्यावर दाखल करावा का, असे अलिबागहून विचारण्यात आले. मी वस्तुस्थिती लिहिली, काही लपवले नाही, आणि शेवटी अभिप्राय दिला की खटला भरू नये. वरिष्ठांनी कागद पंधरा दिवस ठेवून घेतले. परत आले तेव्हा त्यावर "अपघाती मृत्यू, दप्तरी दाखल" असा शेरा होता.

या प्रकरणापूर्वी मी असे मानत असे की गप्प बसणारा माणूस स्वतःला वाचवत असतो. पुढे तीस वर्षांत अनेक गप्प माणसे माझ्यासमोर बसली. त्यातली बहुतेक स्वतःलाच वाचवत होती, हेही खरे आहे. पण प्रत्येक वेळी मी मनात आधी विचारू लागलो की हा कुणासाठी गप्प आहे. त्यामुळे काही तपास लांबले. कुणालाही उपाशी मात्र ठेवले नाही.

मुद्देमाल परत देण्याचा हुकूम महिन्याभराने आला. ट्रकचे सुटे भाग ठाण्याच्या मागे पडवीत ठेवले होते. म्हातारा न्यायला येणार, असा निरोप होता. तो प्रत्येक वस्तूवरून हात फिरवणार, हे मला ठाऊक होते. सकाळीच मी हवालदाराला रॉकेल आणि सोडा आणायला सांगितले. आम्ही दोघांनी चारही ड्रम धुतले, वास जाईपर्यंत. पहिल्या दिवशी मिस्त्रीने माझ्याकडे एवढेच मागितले होते, आणि मी ते त्याच्याविरुद्ध डायरीत लिहून ठेवले होते.