चुकायचे नंबर

बी.एड. कॉलेजात शिकवणाऱ्याला बीपी आणि किस्से दोन्ही फुकट मिळतात. बीपीवर गोळी घेता येते. किस्से पोटात किती दिवस ठेवायचे?

आमचं कॉलेज साखर कारखान्याच्या चेअरमन साहेबांचं. ही गोष्ट ज्या वर्षीची, त्या दुष्काळात उसाअभावी कारखाना बंद पडला, पण भावी शिक्षकांचं पीक जोमात!

* * *

मुख्याध्यापकांसाठी नेतृत्वाचं शिबिर होतं. "निर्णय स्वतः घ्यायला शिका," असं मी घसा फोडून सांगितलं. मग गट पाडून प्रश्न दिला: शाळेच्या वेळेत टँकर येतो, पोरं पळतात, काय कराल?

तासभर खल झाला. सगळ्या गटांचं एकच उत्तर, "चेअरमन साहेबांना विचारून सांगतो!"

* * *

आमचा विद्यार्थी, धारूरचा गोविंद, सराव पाठात वनस्पतीचे अवयव शिकवायला अख्खा ऊस घेऊन आला. दुष्काळात ऊस! वर "हाताळून बघा" म्हणत त्यानं तो वर्गात फिरवला. परत आली ती चिपाडं.

"खोड कुठंय रे?" मी ओरडलो.

"सर, कृतीतून शिक्षण झालं की!"

* * *

बी.एड. करणाऱ्या एका बाईंनी पाठाच्या प्रस्तावनेला विचारलं, "तहान लागली की आपण काय करतो?"

"टँकरची वाट बघतो!" अख्खा वर्ग.

टाचणात उत्तर होतं 'पाणी पितो'. ते येईना, म्हणून बाई तोच प्रश्न विचारत राहिल्या. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला आणि वर्ग रिकामा! उरलेले प्रश्न त्यांनी भिंतीला विचारले, पण पाठ पूर्ण केला.

* * *

सराव पाठांना शेजारच्या शाळेतला सातवीचा एकच वर्ग, आणि जो तो जलचक्रच शिकवणार. पोरांना सगळं तोंडपाठ. प्रश्न अर्धा व्हायच्या आत "बाष्पीभवन!"

आमचे प्राचार्य हादरले. "एकही पोर चुकत न्हाई! परीक्षकाला संशय येईल ना!"

त्यांनी पोरांना चुकायचे नंबर लावून दिले. ज्याचा नंबर, त्यानं चुकायचं. शेजाऱ्यानं उठून दुरुस्त करायचं. मी कपाळावर हात मारून घेतला.

* * *

आणि शबाना. तलवाड्याच्या फळवाल्याची लेक, हाडाची शिक्षिका. पण वार्षिक परीक्षेच्या पाठात आधी एकदा नापास झालेली. घरून तंबी होती, "आता न्हाई झालीस पास, तर कॉलेज बंद. गाड्यावर बसायचं." पाठाच्या दिवशी बीपीची गोळी मी दोनदा घेतली.

त्याच सातवीच्या वर्गावर पाठ झकास झाला. टँकरसुद्धा आला नाही! परीक्षक खूश. जाता जाता त्यांनी पहिल्या बाकावरच्या पोरीला कौतुकानं विचारलं, "काय गं, तुझं नाव काय?"

पोरगी उभी राहिली. "मंगल!"

शेजारची ताडकन उठली. "चुकलं सर! तिचं नाव सारिका हाय."

परीक्षकांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी प्राचार्यांकडं, प्राचार्यांनी पंख्याकडं. शबानाच्या हातातला खडू खाली पडला.

ते पाहून सारिका रडकुंडीला आली.

"बाईंला नापास करू नका सर! आज चुकायचा नंबर माझा हाय!"